मैनाची मालिका चार वाजता

रविवार, ५ नोव्हेंबर २००६

आणला एकदाचा खाली!

ओमचा कॉम्प्युटर. नातू पुण्याला होस्टेलात गेला, तिथं लॅपटॉप घेतला, आणि हा बिचारा माडीवर जुन्या चादरीखाली. मंजुषा, म्हणजे आमची सूनबाई, म्हणाली, "आई, भंगारवाल्याला देऊन टाकू. उगाच जागा अडवतो." मी म्हटलं, "जागा तर मीही अडवते गं. मलाही त्याच्या हातगाडीवर बसवतेस का?" हसली. मग ती आणि सहादू, दोघं नवराबायको, डबा धरून जिना उतरले. मागून मी वायरींचा गुंता घेऊन, शेवया वाळत घालायला निघाल्यासारखी.

हॉलमध्ये शोकेसच्या खालच्या फळीवर ठेवलाय. हा आता टीव्हीला जोडायचा. मालिका ह्यात भरून ठेवायच्या आणि आपल्याला वाटेल तेव्हा लावायच्या. सिनेमे, गाणी, लग्नाचे फोटो, सगळं मोठ्या पडद्यावर. ओम फोनवर म्हणाला, "आजी, होतं सगळं. फक्त एक कार्ड लागेल, आणि तुझा धीर." धीराचं काय, तो मळ्यात राबूनच कमावलाय.

आणि हा खटाटोप कशासाठी? पानापासून काय लपवायचं — मैनासाठी.

मैना माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून तिचं घर. जिथं आज आमची दोन घरं आणि समोरच्या बिल्डिंगी आहेत तिथं आमचाच शेवंतीचा मळा होता, गंगापूर रोडला तेव्हा संध्याकाळी चिटपाखरू नसायचं. ती लग्न होऊन सटाण्याहून आली तेव्हापासून दुपारी चार वाजता आम्ही दोघी एका टोपलीपुढं बसतो. हार, वेण्या, गजरे. मळा गेला. दोघींचे धनी गेले. फुलं आता बाजारातून विकत येतात, ओळखीच्या घरांपुरत्या ऑर्डरी. तरी चार वाजले की मैना दारात — "आक्का, चहा टाकला का नाय?"

दसऱ्यापासून येत नाही.

विचारलं तर म्हणते, "सातला माझी मालिका असते, आक्का. त्याआधी सैपाक उरकायचा. मधेच लाइट जाती. चारला कशी येऊ?"

बरं! मालिका आडवी येते ना? मग मालिकाच चारला लावते.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

सातपूरला जाऊन आले. सहादूच्या कंपनीजवळ गोरक्षचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं डबा उघडला. आत एवढी धूळ की मेथी पेरावी! मला म्हणाला, "आज्जी, तुम्ही बाहेर बसा, मी करतो." मी म्हटलं, "मी बघणार. उद्या बिघडलं तर तुला सातपूरहून हाक मारू काय?" मग स्टूल दिलं त्यानं, आणि दाखवतही गेला. टीव्ही ट्यूनर कार्ड म्हणजे पोळपाटाच्या निम्मी हिरवी पट्टी. केबलवाल्याची वायर तिच्यात खोचायची. आणि दुसरीकडून एक गोल पिनांची वायर निघून टीव्हीत जाणार. एकीकडून घ्यायचं, दुसरीकडं द्यायचं. सासुरवाशिणीसारखं काम आहे त्या डब्याचं.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

जोडलं. चित्र आलं — काळंपांढरं! रंगीत टीव्हीवर काळंपांढरं! सगळ्या वायरी काढून घालून पाहिल्या. शेवटी ओमला फोन. "आजी, सेटिंगमध्ये जा, तिथं पाल असं लिहिलेलं निवड." म्हटलं, "पाल? घरात एक आहे तेवढी पुरे." तो तिकडं खो खो. निवडलं. आणि रंग आला! हॉलभर आला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मंजुषा बाहेर येऊन म्हणाली, "अहो आई, तुम्ही तर कमालच केलीत!" मग हळूच, "काकूंना सांगितलंत?"

"आधी चालू तर होऊ दे," म्हटलं. तोंड का उतरलं हिचं?

मंगळवार, १४ नोव्हेंबर

पहिली मालिका भरायला लावली. सात वाजता आपोआप सुरू होणार, साडेसातला बंद. सात दहाला लाइट गेली. भारनियमनवाल्यांना माझाच मुहूर्त सापडला! उद्या सहादू कंपनीतल्या कुणाकडून बॅटरीचा डबा आणतोय.

अंगणाच्या भिंतीवरून मैनाला हाक मारली. म्हटलं, "अगं, तुझी मालिका मी डब्यात भरून ठेवणारेय. लोणच्यासारखी! चारला ये."

"माय वं!" म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं की माहेरची अहिराणी तोंडात येते. "हाई काय शे वो नवीन? आक्का, कशाला एवढा उपद्व्याप? माझे गुडघे पण दुखतात आता."

"मग वायर लांबवते. भिंतीवरून तुझ्या हॉलमध्ये टीव्ही देते."

"नको!" केवढ्यानं ओरडली. मग हळू आवाजात — "नको आक्का. येईन मी."

शनिवार, १८ नोव्हेंबर

आली!

रोहित, तिचा मुलगा, हात धरून घेऊन आला. मला म्हणाला, "मोठीआई, पुढं बसव तिला." जाताना दारात थांबून राहिला, लहान लेकराला शाळेत सोडल्यासारखा. मी म्हटलं, "जा रे, खात नाही तुझ्या आईला."

मी रिमोट दाबला. मालिका सुरू! मोठा पडदा, कोपऱ्यात स्पीकर. इतके दिवस मनात हेच चित्र होतं — ती, मी, मधे टोपली, समोर मालिका.

"आवाज काय झ्याक हाय, आक्का! जशी कानाशीच बोलतेय."

"आणि चित्र?"

"हां, चित्र बी."

बस्स. चित्र बी! एवढी मी वायरींत अडकले, पाठ मोडली, आणि हिचं कौतुक सगळं स्पीकरचं. ते स्पीकर तर ओमचे जुनेच आहेत.

टोपलीतली फुलं मात्र तिनं तशीच घेतली हातात. भराभर गाठी. माझ्या दोन वेण्या होईस्तोवर तिच्या तीन. हात बघत राहावेत असे. मीच शिकवलेले, पण आता माझ्यापुढं गेलेले. चहाचा कप तेवढा माझ्या चांगल्या चादरीवर सांडला. "लक्ष कुठंय तुझं?" म्हटलं. "मालिकेत," म्हणाली.

मालिका संपायच्या आत उठली. म्हणाली, डोकं दुखतंय.

बुधवार, २२ नोव्हेंबर

उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. वेण्यांची ऑर्डर मोठी आहे, घरोघरी घट बसतात. मैना येत नाही म्हणून अर्धी शेवंती तिच्या घरी पाठवली. निरोप दिला, दोन पांढरी, एक पिवळं, ह्या क्रमानं ओव.

नेहमीचंच आहे म्हणा. सांगायचीही गरज नव्हती.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

लाज आणली!

मैनाकडून आलेल्या वेण्या मी न बघताच देऊन टाकल्या. का बघू? तीसेक वर्षांत कधी तपासल्या नाहीत. सकाळी कॉलेजरोडच्या बाई दारात. "चंद्रभागाबाई, हे काय हो? कुठं चार पांढरी, कुठं पिवळ्याचा गठ्ठा. देवीला घालायचं, की बकरीला?" दुसऱ्या घरातूनही तेच.

गाठी एकसारख्या. एक फूल ढिलं नाही. फक्त रंगांचा नुसता गोंधळ. हात इतके साफ चालतात तर रंग का चुकावेत? मन लावलंच नाही तिनं. किंवा — लिहायला नको वाटतं — मुद्दामच. पुन्हा पाठवू नये म्हणून.

भिंतीवरून म्हटलं, "मैने, करायचं नसेल तर तोंडानं सांग. माझी शोभा का करतेस?"

तिनं काय विचारावं? "कोणत्या वेण्या चुकल्या, आक्का?"

जसं काही ठाऊकच नाही!

रविवार, २६ नोव्हेंबर

मालिका भरतेय रोज. आता बॅटरी आहे, लाइट गेली तरी चालतं. डिस्क भरत आली म्हणून ओमला विचारून त्याचे दोन खेळ पुसले. आठवडाभराची मालिका डब्यात बसून आहे. बघणारी येत नाही. मी एकटी बघत नाही. ती आल्यावर बघीन.

शनिवार, २ डिसेंबर

गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालत होते. खाली बघते तर मैना! दारात रिक्षा. रोहितनं हात धरून बसवलं. नीट साडी, खांद्याला पर्स. गुडघे म्हणे!

मंगळवारीही मला रिक्षाचा आवाज आला होता. तेव्हा म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल.

दोनच्या सुमाराला परत आली. मी भिंतीशीच उभी.

"कुठं गेली होतीस गं मैने?"

"कुठं? घरीच की, आक्का. जरा आडवी झाले होते."

माझ्या तोंडावर! पर्स अजून खांद्याला, आणि तोंडावर! पोटातल्या गोष्टी आम्ही एकमेकींना सांगितल्या. तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सासूबाई मला बोलल्या तर ही त्यांच्याशी अबोला धरायची. आणि आज रिक्षातून उतरून म्हणते, आडवी झाले होते.

"बरं," म्हणाले मी.

मंगळवार, ५ डिसेंबर

आजचं लिहू नये. पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

भाजीबाजारात गेले होते. गाजरांच्या ढिगाजवळ समोरून मैना येताना दिसली, रोहितच्या सुनेसोबत — नाही, चुकले, रोहितच्या बायकोसोबत, आरोहीसोबत. रागानं हात चालत नाही. आरोही शेजारी गाडीवर भाव करत होती. मैना एकटी, माझ्यापासून हातभर. मी हसले. थांबले. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. आणि पुढं गेली.

हसली नाही. मान हलवली नाही. अनोळखी बाईकडे बघतात तसंसुद्धा नाही. दगडाकडे बघतात तसं.

गाजरं तिथंच राहिली. घरी येऊन मंजुषाला सांगितलं. म्हटलं, "तुझ्या काकूला मी आता दिसतसुद्धा नाही." तिनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. जळाली पोळी.

बुधवार, ६ डिसेंबर

आजची मालिका भरली नाही.

रविवार, १० डिसेंबर

कळलं. सगळं नाही, पण पुरेसं.

समोरच्या बिल्डिंगीतला एक माणूस सकाळी विचारत आला, "शेजारचं घर भाड्यानं द्यायचंय ना? किल्ली तुमच्याकडे आहे का?" मी म्हटलं, "चुकीच्या घरी आलात." तो म्हणाला, "नाही हो, रोहितसाहेबांनीच सांगितलं. पुण्याला चाललेत ना ते."

मंजुषाला समोर बसवलं. "खरंय?"

ती पदराचं टोक चोळत बसली. "हो आई. रोहितभाऊजींनी बदली मागून घेतलीय."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"सहादूला?"

"हो."

"ओमला?"

पदर आणखी जोरात चोळायला लागली. म्हणजे ओमलाही! म्हणजे मी फोनवर त्याला विचारत होते, मैना आजी आली की कोणतं बटण आधी दाबू, आणि तो सांगत होता हिरवं, आणि त्याला ठाऊक होतं. मी वायरी ओढत होते, डबा पुसत होते, आणि घरादाराला ठाऊक होतं की जिच्यासाठी चाललंय ती निघालीय!

"का नाही सांगितलंत मला?"

"काकूंनी शपथ घातली होती, आई. म्हणाल्या, आक्कांना कळलं तर त्या घर डोक्यावर घेतील. जायच्या आधी मीच सांगेन. मला... मला बाकीचं नका विचारू."

नाही विचारलं. बाकी काय उरलं विचारायला?

घर डोक्यावर घेईन म्हणे. घेतलंच असतं! तो माझा हक्क होता. भांडले असते, रडले असते, तिच्या ट्रंकेवर जाऊन बसले असते. तेवढंही ठेवलं नाही मला. बहिरी समजून मधे बसवलं आणि माझ्या डोक्यावरून सगळे बोलले. स्वतःच्याच हॉलमध्ये मी पाहुणी झाले.

मंगळवार, १२ डिसेंबर

डब्यावर जुनी चादर टाकली. मंजुषाला म्हटलं, बोलव तुझ्या भंगारवाल्याला. ती म्हणाली, "राहू द्या ना, आई." म्हटलं, "कशाला? मालिका लोणच्यासारखी नासते का बघायला?"

सहादू संध्याकाळी जवळ येऊन बसला. "आई, काकूवर एवढी रागावू नकोस." मी म्हटलं, "तू आधी आरशात तोंड बघ. आज आईसमोर बसलायस, दिवाळीत कुठं होतास?" उठून गेला.

थंडी फार पडलीय. शेवंती करपली म्हणतात बाजारात.

गुरुवार, १४ डिसेंबर

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. ऑर्डर घेतली नाही. चार वाजता सवयीनं दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायले.

शनिवार, १६ डिसेंबर

रोहित आला होता. दारातूनच म्हणाला, "मोठीआई, उद्या आई येईल तुझ्याकडं चारला. सोमवारी निघतोय आम्ही. तिला काही बोलू नकोस, एवढंच मागतो."

"मी कोण बोलणारी? भाडेकरूला विचार."

त्याचे डोळे भरले. मोठा माणूस, कंपनीत सुपरवायझर! मला वाईट वाटलं, पण दार लावून घेतलं.

ठरवलंय. येऊ दे. चहा देईन, मालिका लावीन, एक शब्द बोलणार नाही. जाताना म्हणेन, सुखी राहा. तिला कळू दे, न सांगता सोडून जातात तेव्हा कसं लागतं ते.

चादर काढली. वायरी बघितल्या. चालू आहे सगळं.

रविवार, १७ डिसेंबर

आली चारला. पुढं बसवली. मालिका लावली, चित्र आलेलं पाहिलं, आणि तोंड फिरवून चहा टाकायला आत गेले. आतून ऐकत होते. हसण्याच्या जागी ती हसत होती.

कप घेऊन बाहेर आले तर टीव्ही निळा. कोराच्या कोरा निळा. गुडघे सरळ करताना तिचा पाय अडकला असणार, गोल पिनांची वायर निघून फरशीवर पडली होती. स्पीकर कॉम्प्युटरलाच जोडलेले, म्हणून आवाज तेवढा चालू होता.

मैना त्या निळ्या काचेकडं टक लावून बसली होती. माझी चाहूल लागली तशी मान न वळवता म्हणाली, "आक्का, काय चित्र आणलंय वो तुम्ही! सुनेची साडी बघा ना, किती खुलतीय!"

कप खाली ठेवले. वायर उचलली नाही. तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला.

म्हटलं, "हो गं. जांभळी आहे. काठ हिरवे."